वांदरबाशिंग कोणाचं? शहापूर-मुरबाडच्या रानातला नेचा आणि ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न

पाऊस सुरू झाला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले डोंगर हिरवे होतात. माहुलीपासून आजोबापर्यंत, नाणेघाटापासून माळशेजपर्यंत कातळाला आणि झाडांच्या खोडांना एक नेचा चिकटलेला दिसतो. त्याला दोन प्रकारची पानं असतात. एक लांब, हिरवं, करवतीसारखं कापलेलं. दुसरं आखूड, रुंद, लवकर वाळून तपकिरी होणारं आणि खोडाला चिकटून उभं राहणारं. हे दुसरं पान नवरदेवाच्या कपाळावरच्या बाशिंगासारखं दिसतं. म्हणून लोकांनी त्याला नाव दिलं बाशिंग, आणि झाडावर बसतं म्हणून वांदरबाशिंग. वानरांच्या लग्नातलं बाशिंग!

नाव देणाऱ्याची नजर बघा. तपकिरी पानाचं काम असतं वरून पडणारा पालापाचोळा अडवून ठेवायचं. त्याचं तिथंच खत होतं आणि झाडावर राहणाऱ्या या नेच्याला मातीशिवाय अन्न मिळतं. ज्या माणसांनी हे पान इतकं न्याहाळलं त्यांनी त्याची केसाळ मुळी उकळून खोकल्याला, झिजवणाऱ्या तापाला, बिघडलेल्या पोटाला देऊन पाहिली. कोणत्याही विद्यापीठाने त्यांना त्यासाठी पगार दिला नव्हता.

त्याच रानात ओल्या दरडीवर आणखी एक नाजूक नेचा उगवतो, हंसराज. काळ्या चकचकीत देठाचा, अर्धचंद्रासारख्या पानांचा. पानाचा आकार घोड्याच्या खुरासारखा दिसतो म्हणून याला घोडखुरी असंही नाव आहे. खोकला, लहान मुलांचा ताप, अंगावर उठणारं विसर्प यासाठी तो वापरात होता. हीच वनस्पती संस्कृत निघंटूंत हंसपदी म्हणून येते.

एका नेच्याची दोन नावं. एक रानातलं, एक ग्रंथातलं. आजच्या कायद्यात या दोन नावांची किंमत सारखी नाही. रानातल्या नावाला वाटा मागता येतो, ग्रंथातल्या नावावर वाटा माफ होतो. हे कसं घडलं, त्याचा इतिहास आपण, म्हणजे फुले-आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी, समजून घेतला पाहिजे.

ग्रंथांनीच दिलेली कबुली

आयुर्वेद म्हटलं की आपल्यासमोर ऋषी उभे केले जातात. ध्यानाला बसलेले, डोळे मिटलेले, आणि मिटल्या डोळ्यांना सगळ्या वनस्पती दिसणारे. पण चरकसंहिता स्वतः काय सांगते? सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे की रानातल्या औषधी नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या राखणारे, गायी राखणारे आणि इतर वनवासी. सुश्रुतसंहितेतही हाच आशय आहे. औषधांची ओळख गुराखी, तापस, व्याध, रानात फिरणारे आणि कंदमुळं खाणारे यांच्याकडून करून घ्यावी, असं तिथं सांगितलं आहे.

म्हणजे साक्षीदार आपण आणलेला नाही. ग्रंथांनीच आपल्या गुरूंची यादी दिली आहे आणि त्या यादीत शेळीवाला, शिकारी, कंद खणणारा आहे. आजच्या भाषेत धनगर, ठाकर, कातकरी.

पण चरकाची पुढची ओळही वाचली पाहिजे. तिथं लगेच म्हटलं जातं की नुसतं नाव आणि रूप कळल्याने औषधाचं खरं ज्ञान होत नाही. ते जाणणारा, देश आणि काळ पाहून योजना करणारा, तो श्रेष्ठ वैद्य. युक्तीने वापर करणं हे वेगळं कौशल्य आहे, हे मान्य. पण शेळीवालीने ती मुळी आपल्या पोराला किती आणि कशी द्यायची हे न ठरवताच दिली होती का? वापराशिवाय नाव टिकतं का? इथं एक रेष ओढली गेली. खाली ओळख, वर ज्ञान. खाली हात, वर डोकं. ही रेष आपल्या चांगल्या परिचयाची आहे.

वैद्याचं अन्न म्हणजे पू

आता दुसरं पुस्तक उघडू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचं अन्न खाऊ नये याची यादी आहे. त्यात चिकित्सकाचं अन्न पुवासारखं ठरवलं आहे. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये त्यात वैद्य आहे. दहाव्या अध्यायात चिकित्सेचं काम अंबष्ठ या संकरजातीच्या वाट्याला लावलं आहे. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न सविस्तर मांडला: ज्या समाजात वैद्यकासारखं निरीक्षणावर उभं शास्त्र वाढत होतं, तिथल्याच धर्मशास्त्राने वैद्याला अपवित्र का ठरवलं?

उत्तर अवघड नाही. वैद्याला सगळ्यांना शिवावं लागतं. रक्त, पू, मळ, प्रेत यांच्याशी त्याचा संबंध येतो. रोगाला जात नसते. आणि ज्ञान घ्यायचं तर त्याला शेळीवाल्याजवळ, व्याधाजवळ बसावं लागतं. शिवाशिवीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला हा माणूस परवडणारा नव्हता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे पुस्तक जाळलं गेलं, त्याने फक्त आपलं पाणी तोडलं नव्हतं. माणसाने माणसाकडून शिकण्याची वाटही तोडली होती.

आज गंमत अशी की मनूचा गौरव करणारेच आयुर्वेदाचाही अभिमान मिरवतात. दोन्ही एका तोंडाने कसं म्हणता येतं, हे त्यांना कोणी विचारत नाही. आपण विचारू.

जीवक आणि अशोक

याच भूमीत दुसरी परंपराही होती. विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची कथा आहे. राजगृहातल्या सालवती या गणिकेचा मुलगा, जन्मताच उकिरड्यावर टाकलेला. तो तक्षशिलेला जाऊन वैद्यक शिकला. शेवटी गुरूने परीक्षा घेतली: तक्षशिलेभोवती एक योजन फिर आणि औषध नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. औषध नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही, आणि गुरूने त्याला उत्तीर्ण केलं. पुढे हाच जीवक बुद्धांचा आणि भिक्खूसंघाचा वैद्य झाला. उकिरड्यावर टाकलेलं मूल भगवंताच्या नाडीवर हात ठेवतं. मनूच्या पुस्तकात अशा माणसाला श्राद्धाच्या पंगतीतही जागा नाही.

त्याच महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र खंधक आहे. मुळं, पानं, फळं, राळ, मीठ असं काय काय आजारी भिक्खूने वापरावं याची तिथं नोंद आहे. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हा भगवंतांचा आशयही तिथलाच.

मग सम्राट अशोक. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी चिकित्सेची सोय केल्याचं आणि जिथं औषधी वनस्पती, मुळं, फळं नाहीत तिथं ती आणून लावल्याचं सांगितलं आहे. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात सोपाऱ्याला सापडले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून माल घाटावर जुन्नरकडे जायचा तो नाणेघाटाने, म्हणजे आजच्या मुरबाड तालुक्यातून.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यात दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गायी, घोडे, हत्ती, कार्षापणांची जंत्री आहे. सातवाहनांच्या काळात बौद्ध लेण्यांनाही दानं मिळाली हे खरं आहे, ते नाकारायचं कारण नाही. तरी एकाच व्यापारी वाटेवरचे हे दोन लेख शेजारी ठेवून वाचा. एक राजा सांगतो, मी औषधी लावल्या. दुसरीकडे राज्य सांगतं, मी यज्ञ केले, दक्षिणा दिली. राज्याचा पैसा कुठे जावा हा वाद आजचा नाही.

साहेबांचे ग्रंथ आणि नसलेली नावं

सतराव्या शतकात मलबारचा डच गव्हर्नर व्हान रीड याने हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यातली बरीच माहिती इट्टी अच्युतन या एळवा वैद्याची होती. एळवा म्हणजे तेव्हाच्या केरळात अस्पृश्यतेचे चटके सोसणारा समाज, ज्यातून पुढे नारायण गुरू झाले. त्याच्या बरोबरीने रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोकणी ब्राह्मणांचीही साक्ष ग्रंथात आहे. पण अच्युतनचं निवेदन, त्याच्या लिपीत, त्याच्या नावासह पुस्तकात छापलं गेलं. परक्या माणसाने जे केलं ते स्वकीयांनी शतकानुशतकं केलं नव्हतं.

पुढे मुंबईत डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईतल्या औषधी द्रव्यांची यादी प्रसिद्ध केली. सुतार समाजातले हे डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. १८९० नंतर डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांचा फार्माकोग्राफिया इंडिका आला. त्यात वांदरबाशिंग आहे, हंसराज आहे, मराठी नावं आहेत, उपयोग आहेत. फक्त ज्यांनी सांगितलं त्यांची नावं नाहीत. लिनियसने १७५३ मध्ये बाशिंगाला लॅटिन नाव दिलं, त्याचं नाव वनस्पतीमागे कायमचं लागलं. ज्या बाईने त्या नेच्याची मुळी शोधून काढली ती मात्र स्थानिक लोक या दोन शब्दांत संपली.

आणि नेमक्या याच काळात त्या बाईच्या पायाखालचं रान काढून घेतलं जात होतं. १८७८ चा वन कायदा आला. खैराच्या झाडापासून कात काढणारा म्हणून ज्याचं नाव कातकरी, त्याच्यासाठी खैर तोडणं हा गुन्हा झाला. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड मध्ये जंगल खात्यावर आसूड ओढला तो उगाच नाही. डोंगर, दऱ्या, गायरानं खात्याच्या घशात गेली आणि गरिबाच्या शेळीला चारा उरला नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. शेळी गेली तर शेळीवाला जातो. शेळीवाला गेला तर चरकाने ज्याला गुरू म्हटलं तो गुरू जातो.

डोंगर उचलणारे आणि मुळी ओळखणारी

शहापूरच्या आजोबा डोंगराला वाल्मीकीचा आश्रम आणि लव-कुशाचा पाळणा जोडला गेला आहे. रानातल्या प्रत्येक जागेला रामायणाचा शिक्का मारला की तिथल्या माणसांचा इतिहास झाकला जातो. पण त्याच रामायणातली संजीवनीची गोष्ट जरा नीट ऐका. औषध आणायला गेलेल्याला ते ओळखता आलं नाही म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलून आणला. ही शौर्याची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यात अज्ञानाची कबुली दिसते. ज्याला मुळी ओळखता येत नाही तो डोंगर उचलतो.

आणि हे गोष्टीतच राहिलं नाही. २०१६ साली उत्तराखंड सरकारने संजीवनी शोधण्यासाठी २५ कोटी रुपये जाहीर केले. पुराणातल्या बुटीसाठी २५ कोटी! डोळ्यांसमोर जिवंत असलेलं ज्ञान नोंदवायला, तपासायला, ते सांगणाऱ्या म्हातारीला मानधन द्यायला मात्र तिजोरी रिकामी.

तुलना करा. चीनमध्ये बाशिंगाचाच एक भाऊबंद नेचा गु सुई बू या नावाने वापरतात. नावाचा अर्थच मोडलेली हाडं सांधणारा. तो त्यांच्या अधिकृत औषधकोशात आहे आणि प्रयोगशाळांत त्याच्यावर काम झालं आहे. तमिळनाडूत कोल्ली डोंगरांत याच बाशिंगाच्या मुळीचं सूप सांधेदुखीवर म्हणून पर्यटकांना विकलं जातं आणि डोंगरातल्या माणसाला चार पैसे मिळतात. आपल्याकडे माळशेजला येणारा पर्यटक धबधब्याखाली फोटो काढतो, शेजारच्या कातळावरचं बाशिंग त्याला दिसतही नाही.

लिहिलेलं ते फुकट

आता मूळ मुद्दा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने एक तत्त्व मान्य केलं: वनस्पती आणि तिच्याविषयीचं ज्ञान वापरून कंपनीने नफा कमावला तर त्यातला वाटा ते जपणाऱ्या लोकांना मिळाला पाहिजे. दिव्य फार्मसीने आम्ही भारतीय कंपनी, आम्हाला हे लागू नाही असा दावा केला. २१ डिसेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने तो फेटाळला. लोकांचा हक्क न्यायालयाने उचलून धरला.

मग २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाला या जबाबदारीतून सूट देण्यात आली. संहिताबद्ध म्हणजे काय? १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्या ग्रंथांची यादी आहे, त्यांत जे लिहिलं आहे ते. त्या यादीत चरकसंहिता आहे, सुश्रुतसंहिता आहे, भावप्रकाश आहे.

गोम लक्षात आली का? ग्रंथाने शेळीवाल्याकडून घेतलं. घेतल्याचं ग्रंथाने स्वतः लिहून ठेवलं. शेळीवाल्याला लिहायला-वाचायला बंदी घालणारीही याच समाजाची धर्मशास्त्रं. आणि आज कायदा म्हणतो, हे तर ग्रंथात लिहिलेलं आहे, मग वाटा कोणाला द्यायचा? हंसपदी भावप्रकाशात आहे, म्हणून तिच्यावर डोंगरातल्या माणसाचा हक्क पातळ झाला. ज्याला अक्षर नाकारलं त्याला अक्षर नाही म्हणून हक्क नाकारायचा. हा दोन हजार वर्षांचा डाव आहे, फक्त भाषा राजपत्राची आहे.

कोणी म्हणेल, स्थानिक लोकांना आणि वैदूंना तर कायद्याने सूट दिलीच आहे. दिली आहे. पण स्वतःच्या रानातली मुळी वापरायची सूट आणि कंपनीच्या नफ्यातला वाटा या दोन गोष्टी एक नाहीत.

शहापूरमध्येच याचं दुसरं टोक बघायला मिळतं. कातकरी तरुणांच्या एका संस्थेने वनधन योजनेतून गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली आणि २०२१ मध्ये तिला मोठी मागणी मिळाल्याचं केंद्र सरकारने अभिमानाने सांगितलं. त्या तरुणांचं मनापासून कौतुक. मध्यस्थाला वगळून त्यांनी बाजार गाठला. पण यात त्यांना मिळते ती मालाची किंमत, किलोवर. ज्ञानाची किंमत त्या हिशेबात कुठेच नाही. भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. औषधाचंही तसंच व्हायला नको.

आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, भोळेपणा नको. परंपरेतलं आहे म्हणून खरं, असं मानायला कालाम सुत्तात भगवंतांनी आपल्याला शिकवलेलं नाही. मुळी वेगळी, मंत्र वेगळा. मुळी तपासता येते, मंत्र नाही. साप चावला तर भगताकडे नाही, दवाखान्यातच जायचं. सर्पदंश झालेल्याला उपचारांपासून अडवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हा लेख वाचून कोणी बाशिंगाची मुळी उकळून पिऊ नये. क्षयाच्या रुग्णाला क्षयाचीच गोळी हवी. आदिवासींकडे जडीबुटी आहे असं सांगून पाड्यावरचा डॉक्टर कोणी पळवत असेल तर त्यालाही आपला विरोध आहे. जडीबुटीचा सन्मान आणि आरोग्य केंद्रात डॉक्टर, दोन्ही हवं.

दुसरी गोष्ट, कायदा वापरा. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळं, कंद आहेत. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये जैवविविधतेशी संबंधित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक हक्क मान्य केला आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणजे तिथं पेसा लागू आहे आणि ग्रामसभेचा शब्द वजनदार आहे. सामूहिक वनहक्काचे दावे करताना लाकूड आणि चराईबरोबर औषधी आणि त्यांचं ज्ञान हेही लिहा.

तिसरी गोष्ट, नोंदवही. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती. तुमच्या पंचायतीची नोंदवही तुम्ही कधी पाहिली आहे? माहितीच्या अधिकारात मागा. त्यात वांदरबाशिंग आहे का बघा. असेल तर ते कोणी सांगितलं त्या माणसाचं नाव, त्याच्या संमतीने, आहे का बघा. नसेल तर ग्रामसभेत ठराव करा. आणि सांगणाऱ्याने एखादी गोष्ट उघड करायला नकार दिला तर तोही त्याचा हक्क आहे.

चौथी गोष्ट आपल्या घरातली. जातिसंस्थेचं निर्दालन या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी विचारलं होतं की या देशातल्या आदिम जमातींमध्ये जाऊन काम करायला सवर्ण समाज का गेला नाही, आणि त्याचं उत्तर जातीत शोधलं होतं. तो प्रश्न आज आपल्यालाही लागू आहे. बौद्धवाडी आणि कातकरवाडी यांच्यात किती अंतर आहे? भीमजयंतीला आपण पाड्यावर जातो का? वीटभट्टीवर सहा महिने काढणाऱ्या कातकरी पोराचं रान आणि शाळा दोन्ही सुटतं. आजीकडून मुळी शिकायची वेळ त्याच्या आयुष्यात येतच नाही. त्याच्या मजुरीची, त्याच्या शाळेची लढाई ही ज्ञान वाचवण्याचीच लढाई आहे.

आणि आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायाही आठवा. बाळंतपणं केलेल्या, पाला ओळखणाऱ्या. त्यांना कोणी वैद्य म्हटलं नाही. वही आणि मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ बसा. त्यांची परवानगी घ्या, त्यांचं नाव लिहा, तारीख घाला, दोन प्रती ठेवा. ज्ञान लिहिलं नाही तर ते दुसऱ्याच्या ग्रंथात, दुसऱ्याच्या नावाने परत येतं आणि मग आपल्यालाच विकलं जातं.

बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली ती फक्त नोकरीच्या अर्जासाठी नाही. ज्यांच्याकडून सगळं घेतलं आणि ज्यांचं नाव गाळलं, त्यांचं नाव परत लिहिण्यासाठीही ती आहे. यंदाच्या पावसात डोंगर चढाल तेव्हा कातळावरचं ते तपकिरी पान बघा, त्याचं नाव पाड्यावरच्या माणसाला विचारा, आणि नावासोबत त्या माणसाचंही नाव वहीत लिहा.

जय भीम! जय जोहार!